वाचायला उशीर, पुस्तकांना कशाला?

१८७७ साली १४ वर्षांचा एक मुलगा कोलकात्याहून रायपूरला आला. वडिलांचं काम इथे होतं आणि गावात त्याच्याजोगी शाळा नव्हती. त्यामुळे साधारण दोन वर्षं तो घरीच शिकला, वडिलांशी आणि घरी येणाऱ्या मंडळींशी बोलत, वाद घालत. नरेंद्रनाथ दत्त त्याचं नाव. रायपूरच्या विमानतळाला आज ज्यांचं नाव आहे, तेच हे स्वामी विवेकानंद. घरी शिकणं या शहराला तसं नवीन नाही.

नरेंद्रला वाचता येत होतं. घरी शिकणारं मूल आठ-नऊ वर्षांचं झालं तरी वाचत नसेल, तर मात्र घर धास्तावतं. लग्नकार्यात कुणीतरी पत्रिका पुढे करतं, "वाच बघू!" मूल आईच्या मागे सरकतं. घाबरलेले आईबाबा दुसऱ्या दिवशी पहिलीची पुस्तकं आणतात, आणि तिथेच गाडी अडते. नंदनवनातले प्राणी बघून तासभर प्रश्न विचारणाऱ्या मुलाला 'कमल, घर बघ' दिलं, तर त्याला ते पुस्तक नकोसं होतं. आपण 'ढ' आहोत हे त्यातून त्याला नीट कळतं.

म्हणून घरात पुस्तकांच्या दोन चळती ठेवा, एक कानांसाठी आणि एक डोळ्यांसाठी.

कानांची चळत मुलाच्या समजेइतकी मोठी असू द्या. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, ग्रहताऱ्यांची, किल्ल्यांची, प्राण्यांची पुस्तकं. ही तुम्ही वाचायची, त्याने ऐकायची. शब्दसंग्रह, लांब वाक्याची सवय, पुढे काय होईल याचा अंदाज, हे सगळं कानांवाटेच जमा होतं. उद्या अक्षरं जुळली की ते कामी येतं. वाचता आलं म्हणून वाचून दाखवणं बंद करू नका, ही माझी आग्रहाची विनंती.

डोळ्यांची चळत निवडणं जास्त अवघड. पुस्तक मधूनच उघडा आणि एक पान मुलाला वाचू द्या. चार-पाच शब्दांना अडखळला, तर पुस्तक तूर्तास कानांच्या चळतीत. टाइप मोठा हवा, ओळी मोकळ्या हव्यात, आणि चित्रांतली मुलं त्याच्या वयाची हवीत. जोडाक्षरं टाळून लिहिलेल्या गोष्टी सुरुवातीला बऱ्या, पण त्यांची भाषा लवकरच अवघडते. तिथे मावशी चालते, आत्या चालत नाही. गंमत म्हणजे 'पुस्तक'सुद्धा चालत नाही! माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' गोड आहे, पण लहानग्यांचं. नऊ वर्षांच्या मुलाने ते धाकट्या भावंडाला वाचून दाखवावं. मग सोपं पुस्तक वाचण्यात कमीपणा उरत नाही.

फोन हातात आहेच, तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी चार पातळ्यांत, फुकट मिळतात. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१पासूनचे जुने अंकही इंटरनेटवर आहेत. कोडी, विनोद, छोटे लेख यांतून दोन ओळी वाचून झाल्या तरी चालतं.

रायपूरच्या मराठी घरात आणखी एक गुंता असतो. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि छत्तीसगढी. लिपी एकच, त्यामुळे दुकानाची पाटी वाचली तरी ते वाचनच. फक्त 'शिक्षा विभाग' वाचून मूल दचकलं, तर हिंदीतली शिक्षा आणि आपली शिक्षा यांतला फरक सांगून टाका. पहिली पुस्तकं मात्र मूल ज्या भाषेत भांडतं, त्या भाषेत आणा.

फिनलंडमध्ये मुलं सातव्या वर्षी शाळेत जातात, तेव्हा सहाव्या वर्षी वाचत नाही म्हणून रडू नये. पण आठ वर्षं उलटली, रोज सराव आहे आणि तरी अक्षरं टिकत नाहीत, कालचा शब्द आज अनोळखी वाटतो, तर थांबून बघण्यात अर्थ नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग डिस्लेक्सियाची तपासणी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा शिकण्यातल्या अडचणींचा समावेश आहे. प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळू शकतात. तपासणी झाली म्हणून कानांची चळत कमी करायची नाही, उलट वाढवायची.

राहिली परीक्षा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या, म्हणजे एनआयओएसच्या, दहावीसाठी किमान १४ वर्षं वय लागतं. नऊ वर्षांच्या मुलाकडे अजून पाच वर्षं आहेत.