बाळाची मान, मूठ आणि पाऊल

 

कळंब्याच्या आमच्या बचत गटाची बैठक महिन्यातून दोनदा दुपारची भरते. एकीकडं हप्ते गोळा होतात, वहीत नोंदी होतात आणि दुसरीकडं वाकळ अंथरून त्यावर बाळं ठेवलेली असतात. एक छताकडं बघत हातपाय हलवत असतं, एक पालथं पडून मान उचलत असतं, एक रांगत येऊन हिशेबाची वहीच ओढतं. मग बोलणं बाळांवर येतं. ‘आमचं अजून बसत नाही, तुमचं कधी बसलं?’ ‘झोपेत सारखं दचकतंय, दृष्ट काढली तरी कमी नाही.’ ‘जावेचं पोर अकराव्या महिन्यात चाललं, आमचं अजून धरूनच उभारतंय.’

आज याच प्रश्नांवर बोलायचं आहे. कारण बाळाच्या बाबतीत काही काळज्या आपण उगाच करतो आणि जिथं खरोखर करायला हवी तिथं मात्र ‘होईल हळूहळू’ म्हणून गप्प बसतो. आम्हीही अशाच गप्प बसलो होतो. ते पुढं सांगतो.

आधी दचकण्याचं बघू. दार आपटलं, कुकरची शिट्टी झाली किंवा पाळण्यात ठेवताना बाळाची मान जराशी मागं गेली, की तान्हं बाळ दोन्ही हात एकदम बाहेर फेकतं, बोटं पसरतं, मग हात परत छातीशी आणतं आणि रडतं. घरातले म्हणतात, बाळ भ्यालं. खरं तर ही बाळानं जन्मतः बरोबर आणलेली हालचाल आहे. शाळेत आपण शिकलो होतो, गरम तव्याला बोट लागलं की विचार करायच्या आधीच हात मागं येतो, ती प्रतिक्षिप्त क्रिया. ही तशीच. जर्मनीत हायडेलबर्गला काम करणाऱ्या अर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञांनी १९१८ साली तिचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टर तिला ‘मोरो’ म्हणतात. आईला कवटाळून बसणाऱ्या माकडाच्या पिल्लाची ही जुनी सवय असावी, असं त्यांना वाटलं होतं.

बाळ जन्मल्यावर डॉक्टर ही क्रिया मुद्दाम तपासतात. दोन्ही हात सारखे उघडतात का, हे ते बघतात. एकच हात उघडला, तर दुसऱ्या बाजूचं गळ्याजवळचं हाड किंवा हाताची नस बाळंतपणात दुखावली असेल का, याचा शोध घेतात. म्हणजे तान्ह्या बाळाचं दचकणं हे त्याच्या मेंदूचं आणि नसांचं काम नीट चालल्याची खूण आहे.

अशा आणखी काही क्रिया बाळ घेऊन येतं. गालाला बोट लागलं की तिकडं तोंड वळवतं, कारण दूध शोधायचं असतं. तोंडात स्तनाग्र आलं की चोखतं. पण चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसतो. म्हणून त्याच्या फार आधी जन्मलेल्या बाळाला दूध ओढता येत नाही. त्यात आईचा काही दोष नसतो. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं अंगावरचं दूध काढून नळीनं किंवा वाटी-चमच्यानं पाजतात. बाळाच्या तळहातात बोट दिलं की ते घट्ट धरतं. पाठीवर झोपलेल्या बाळाची मान एका बाजूला वळली, की त्या बाजूचा हात सरळ होतो आणि दुसरा कोपरात वाकतो, अगदी धनुष्य ताणल्यासारखा.

आणि पाऊल! आठ-दहा दिवसांच्या बाळाला काखेत धरून तळवे टेकवले, तर ते चालल्यासारखे पाय उचलतं. आजी कौतुकानं म्हणतात, ‘याला लईच घाई हाय बघा!’ दोन महिन्यांच्या आसपास हे थांबतं आणि मग आजीच काळजी करते. अमेरिकेतल्या एस्थर थेलन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छान शोध घेतला. १९८४ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बाळांना छातीपर्यंत कोमट पाण्यात धरलं, तेव्हा पाण्यात बाळं जास्त वेळा पावलं टाकू लागली. उलट पायांना थोडं वजन बांधलं, तर पावलं कमी झाली. म्हणजे चालणं विसरलेलं नसतं. या महिन्यांत बाळ अंगानं भरतं, मांड्या जड होतात आणि ताकद अजून तेवढी आलेली नसते. पाण्यात अंग हलकं होतं, म्हणून पाय उचलतात.

आता मुद्द्याची गोष्ट. या क्रिया येणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच त्यांचं वेळेवर जाणं महत्त्वाचं. मुठीची आपोआप पकड सुटली, तरच बाळ हवी ती वस्तू हात पुढं करून घेणार आणि नको ती टाकणार. धनुष्याची ती ढब गेली, तरच त्याला कुशीवर वळता येणार. दचकणं आणि धनुष्याची ढब चार ते सहा महिन्यांत जाते, मुठीची पकडही त्याच सुमारास सुटते. जुनं आवरल्याशिवाय नव्याला जागा होत नाही.

नवं येतं ते डोक्याकडून पायाकडं. आधी मान, मग पाठ, मग कंबर आणि शेवटी पाय. हातातही तसंच. आधी खांद्यापासून सगळा हात हलतो, चौथ्या-पाचव्या महिन्यात वस्तूकडं जातो, सहाव्या-सातव्यात खुळखुळा या हातातून त्या हातात जातो आणि नऊ-दहा महिन्यांत अंगठा आणि बोटाच्या चिमटीत चुरमुरा उचलला जातो. (त्या वयात खाली पडलेले शेंगदाणे, फुटाणे मात्र आधी उचलून ठेवा. घशात अडकतात.) आणि आठ-नऊ महिन्यांत एक नवी क्रिया येते. बाळ पुढं पडायला लागलं की दोन्ही हात आपोआप पुढं टेकतं. ही मात्र जन्मभर टिकते. आपण ठेच लागून पडताना हात पुढं करतो, ते तेव्हापासूनचं.

कोणतं बाळ कधी काय करेल याची तारीख मात्र ठरलेली नसते. जागतिक आरोग्य संघटनेनं भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतल्या ८१६ निरोगी बाळांवर लक्ष ठेवलं आणि २००६ साली आकडे दिले. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने. एकट्यानं चालणं ८.२ ते १७.६ महिने. बघा किती अंतर आहे! आणि शंभरातली सुमारे चार बाळं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तरीही पुढं चालली. म्हणून जावेचं बाळ अकराव्या महिन्यात चाललं आणि तुमचं चौदाव्यात चाललं, तर दोघंही वेळेवरच आहेत. पण या खिडकीलाही शेवट आहे, हे विसरायचं नाही.

आता आमची चूक. आमच्या गटातल्या एका ताईंचं बाळ सात महिन्यांचं होतं. गोड, हसरं, मानही धरलेली. बैठकीत कुणी काही पुढं केलं की डाव्याच हातानं घ्यायचं. उजवी मूठ मिटलेलीच, अंगठा आत. आम्ही सगळ्या हसून म्हणालो, ‘हे डावरं निघणार!’ आजोबा डावरे होते, त्यामुळं घरातही सगळ्यांना पटलं. रांगायला लागलं ते एक बाजू ओढत. तेव्हाही आम्ही म्हणालो, ‘प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.’ चौदाव्या महिन्यात लसीकरणाला आलेल्या एका नर्सताईंनी उजवा हात हातात घेतला, कोपर उघडून बघितलं आणि तिथल्या तिथं पुढं दाखवायला सांगितलं. बाळाच्या मेंदूच्या ज्या भागातून उजव्या बाजूला हुकूम जातो, त्याला जन्माच्या आसपास इजा झाली होती.

आता ते बाळ फिजिओथेरपीला जातं. खेळताना चांगल्या हातावर ठरलेला वेळ मोजा घालतात, म्हणजे उजव्याला काम करावं लागतं. ते चालतं, थोडं लंगडतं, उजव्या हातानं वाटी धरतं. इजा भरून आलेली नाही, येणारही नाही. पण पहिल्या दोन वर्षांत मेंदू नव्या वाटा भराभर शिकतो आणि त्यातले सात महिने आमच्या ‘डावरं निघणार’ या बोलण्यात गेले. ताईंनी आम्हाला कधी बोल लावला नाही. आम्हालाच ते लागून राहिलं आहे.

लक्षात ठेवा, एक वर्षाच्या आत बाळ डावरं किंवा उजवं नसतं. ते दोन्ही हात वापरतं. एकच हात वापरत असेल, तर दुसऱ्या हाताकडं बघायचं असतं.

मग दाखवायला कधी न्यायचं? चार महिने पूर्ण झाले तरी मान धरत नाही. सहा महिन्यांनंतरही मुठी घट्ट मिटलेल्या राहतात किंवा आधीसारखंच दचकणं चालू आहे. नऊ महिने झाले तरी आधाराशिवाय बसत नाही. दीड वर्ष झालं तरी चालत नाही. अंग काठीसारखं ताठ आहे किंवा उचलताना हातातून निसटावं इतकं सैल आहे. एकच बाजू हलते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी येत असलेली गोष्ट करायचं बाळानं सोडून दिलं. यातलं एक जरी दिसलं तरी थांबू नका.

दचकण्यातही एक फरक ओळखा. आवाज नाही, धक्का नाही, तरी बाळ मान झुकवून एकदम आखडतं, सैल पडतं, पुन्हा आखडतं, असं लागोपाठ अनेकदा होतं, विशेषतः झोपेतून उठल्यावर, तर ते साधं दचकणं नसतं. तो झटक्यांचा एक प्रकार असू शकतो. तो बहुतेक वेळा पहिल्या वर्षात, जास्त करून चार ते सात महिन्यांत सुरू होतो. मोबाइलवर त्याचं चित्रीकरण करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दृष्ट काढायची तर काढा, पण डॉक्टरांकडं जायला त्यापायी उशीर करू नका.

बाळ दोन महिने आधी जन्मलं असेल, तर वय मोजताना ते दोन महिने वजा करा. पण कमी वजनाच्या बाळांकडं जास्तच लक्ष हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा जन्मापासून ती मोठी होईपर्यंत पाठपुरावा केला. अशी बाळं वरून ठीक दिसली तरी ठरलेल्या तपासण्या चुकवायच्या नाहीत.

घरी काय करायचं? महाग खेळणी लागत नाहीत, जमीन लागते. बाळ जागं असताना, आपण समोर बसून, वाकळेवर थोडा थोडा वेळ पालथं घाला. झोपवताना मात्र पाठीवरच. दिवसभर झोळीत किंवा गच्च गुंडाळून ठेवू नका. तेलानं हलक्या हातानं चोळा, पण न्हाऊ घालताना पाय धरून उलटं लटकवणं आणि सांधे ओढणं नको. नाका-कानात तेल नको. आणि चाकांच्या वॉकरमध्ये बसवू नका. त्यात बाळ टाचा उचलून सरकतं, तोल शिकत नाही आणि क्षणात उंबऱ्यावरून किंवा पायरीवरून खाली जातं. कॅनडानं २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात बाळ स्वतःच्या पायांवर उभारतं आणि आपल्या ताकदीनं ढकलतं. आपण जवळ असलो म्हणजे झालं.

सरकारी सोयही आहे. आशाताई पहिल्या बेचाळीस दिवसांत घरी येतात आणि नंतर तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात येतात. त्यांना चहा द्या आणि प्रश्नही विचारा. माता-बाल संरक्षण कार्डावर कोणत्या महिन्यात बाळानं काय करावं याची चित्रं असतात. ते कार्ड फक्त लसीच्या दिवशी काढायचं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्यातलं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं आणि गरज असेल तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं पाठवतं. तिथं तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

त्या बाळानंतर आमच्या गटानं दोन गोष्टी ठरवल्या. हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर गटातल्या प्रत्येक बाळाची जन्मतारीख लिहिली आहे. बैठक संपली की कार्ड काढतो आणि चित्रं ताडून बघतो. आणि बाळाला दाखवायला न्यायचं असेल तर रोजगार बुडतो, गाडीभाडं लागतं, म्हणून त्या दिवशी अंतर्गत कर्ज मागणाऱ्या बाईला कुणी कारण विचारत नाही.

मैत्रिणींनो, आज संध्याकाळी बाळ मांडीवर घ्याल तेव्हा त्याच्या दोन्ही मुठी एकदा उघडून बघा.