धानाचं बियाणं आणि प्रयोगातले ‘चल’

पवनीसारख्या धानाच्या पट्ट्यात पऱ्हे टाकण्याआधी (म्हणजे रोपांसाठी पेरणी करण्याआधी) बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करायला सांगतात: 10 लिटर पाण्याला 300 ग्रॅम मीठ. पोचट दाणे तरंगतात, भरीव तळाशी बसतात. शाळकरी मित्रांनो, यातच जीवशास्त्राचा झकास प्रयोग आहे!

तरंगलेले 50 आणि बुडालेले 50 दाणे साध्या पाण्याने धुवा, वेगवेगळ्या ओल्या फडक्यांत बांधा, रोज मोड मोजा.

🌾 बदललं ते: दाण्याचा प्रकार (स्वतंत्र चल)
🌾 मोजलं ते: मोड आलेले दाणे (अवलंबी चल)
🌾 सारखं ठेवलं ते: पाणी, फडकं, जागा, दिवस (नियंत्रित चल)

एक पुरचुंडी उन्हात, दुसरी सावलीत ठेवली, तर फरक दाण्यामुळे पडला की उन्हामुळे, हे कळणारच नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला!