रुंद टायर, घट्ट पकड?

बारामती-इंदापूरकडे नवी गाडी दारात आली की हौशी मालक आधी टायरवाल्याकडे जातो. कंपनीचे टायर काढायचे, रुंद टाकायचे, म्हणजे गाडी रस्ता सोडत नाही, असा त्याचा भरवसा. हा भरवसा अर्धाच खरा आहे.

गैरसमज : रुंद टायरचे रबर रस्त्याला जास्त टेकते.

वस्तुस्थिती : किती रबर टेकणार, हे मुख्यतः चाकावरचा भार आणि टायरमधली हवा ठरवते. हजार किलोच्या गाडीत एका चाकावर सुमारे 250 किलो येतात. हवा 32 पीएसआय असेल तर साधारण 110 चौरस सेंटिमीटर रबर टेकते, म्हणजे तळहाताएवढे. टायर 165 मिलिमीटरचा असो वा 185 चा, हा आकडा फारसा हलत नाही. बदलतो तो ठशाचा आकार : अरुंद टायरचा लांबट, रुंद टायरचा आडवा. आडव्या ठशामुळे कोरड्या डांबरावर गाडी वळणात चटकन प्रतिसाद देते, एवढा फायदा खरा. ब्रेक मारल्यावर मात्र रबराची प्रत आणि टायरची झीज जास्त महत्त्वाची.

गैरसमज : पावसात रुंद टायरच बरा.

वस्तुस्थिती : रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावे लागते, म्हणून तो पाण्यावर लवकर तरंगतो. नासाच्या 1960 च्या दशकातल्या प्रयोगांतून निघालेल्या सूत्रानुसार, 32 पीएसआय हवेचा गुळगुळीत टायर साचलेल्या पाण्यावर ताशी 95 किलोमीटरच्या आसपास रस्ता सोडतो. हवा कमी असेल तर त्याहून आधीच. पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण-इंदापूरदरम्यान हा वेग सहज गाठला जातो. कारच्या टायरची नक्षी किमान 1.6 मिलिमीटर खोल हवी, असा कायदा आहे तो यासाठीच.

गैरसमज : उसाच्या रानात ट्रॅक्टर रुंद टायरवरच चालतो, मग कारलाही तेच हवे.

वस्तुस्थिती : ट्रॅक्टरच्या टायरात हवा कमी असते. त्यामुळे भार पसरतो, चाक काळ्या मातीत रुतत नाही. गाळपाच्या हंगामात डांबरावर सांडलेल्या चिखलाची गोष्ट वेगळी. तिथे चिखल कापून खालच्या कठीण रस्त्याला भिडावे लागते, आणि ते अरुंद टायरला जास्त जमते. स्वीडनच्या बर्फाळ रॅलीतही खिळ्यांचे अरुंद टायर वापरतात, तेही याच कारणाने.

टायर बदलायचाच असेल, तर त्याच मॉडेलसाठी कंपनीने दिलेल्या मापांतून निवडावा. मारुती स्विफ्ट 165/80 आर14 आणि 185/65 आर15 अशा दोन्ही मापांत आली. दोन्ही चाकांचा व्यास जवळपास 620 मिलिमीटर, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही. हवा मात्र टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या तक्त्याप्रमाणे भरावी.