वळीव बरसला, बिळं उघडली

मे संपत येतो, वळवाची एखादी सर येऊन जाते आणि जमिनीखाली दडलेली मंडळी भराभर वर येतात. ट्यूबलाइटखाली सकाळी पंखांचा सडा दिसतो तो वाळवीचा. रात्री घिरट्या घालत होते ते भावी राजे आणि राण्या. जोडीदार भेटला की चारही पंख टाकून द्यायचे आणि मातीत नवा संसार मांडायचा. बहुतेकांचा संसार पालीच्या पोटातच आटोपतो. दिसायला मुंगीसारखी असली तरी वाळवीची भाऊबंदकी झुरळांशी आहे बरं का!

ऊसवाल्यांना धास्ती हुमणीची. तिचे तपकिरी भुंगे पहिल्या सरीनंतर दिवेलागणीला जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. जेवण आणि लग्न एकाच मांडवात! उजाडायच्या आत पुन्हा मातीत. पुढे अळ्या उसाची मुळं कुरतडतात, म्हणून शेतकरी रात्रीच फांद्या हलवून भुंगे पाडतात आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात बुडवतात. फवारणीपेक्षा हा जुना उपाय मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

सह्याद्रीत भर दुपारी कान किटवणारा सिकाडा नरच असतो, मादी गप्प. रातकिडा पंखावर पंख घासून वाजतो, तर सिकाडा पोटाच्या दोन बाजूंचे पडदे थरथरवतो.

देवळाच्या ओसरीखालच्या धुळीत नरसाळ्यासारखे खड्डे दिसले तर एक मुंगी सोडून पाहा. तळाशी जबडे वासून बसलेली अळी वाळू उडवून तिला खाली ओढते. ही अळी चालते ती उलटी, आणि मोठी होऊन पंख फुटेपर्यंत शी करत नाही!

भिंतीवरचा उड्या मारणारा कोळी शिकारीसाठी जाळं विणतच नाही. पायांत अंगातल्या द्रवाचा दाब वाढवून झेप घेतो.

भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीकडे याच दिवसांत काजवे चमकतात. काजवा हा भुंगाच. चमचम म्हणजे मादीला घातलेली साद. तिथे गाडीचे दिवे आणि मोबाइलचे फ्लॅश लावणं म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात शिरून गोंधळ घालणं. काजव्याची अळी मात्र गोगलगायी फस्त करते.

7-8 जूनला मृग लागतो आणि लाल मखमली मृगाचा किडा बांधावर येतो. पाय मोजा, आठ भरतील, कारण तो कोळ्याच्या गोतातला. त्याच्या पिल्लांना मात्र सहाच पाय, आणि ती इतर किड्यांच्या अंगाला चिकटून त्यांचा रस पितात. काडेपेटीत हा पाहुणा जपणाऱ्या पोरांना एवढं सांगू नका.