भांगाच्या तिथीला दर्यावर : करंजाची गळाची सफर

धरमतर खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथे द्रोणागिरीचा डोंगर उभा आहे. संजीवनीसाठी पर्वत उचलून नेताना हनुमंताच्या हातून त्याचा एक तुकडा इथे पडला, अशी उरणकरांची श्रद्धा. डोंगराच्या एका अंगाला ओएनजीसीचा प्रकल्प, दुसऱ्या अंगाला करंजाचा कोळीवाडा, द्रोणागिरी मातेचे देऊळ आणि नवे मासेमारी बंदर. पलीकडे सिडकोने आखलेले द्रोणागिरी उपनगर आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे आणि उरणपर्यंतच्या लोकलचे उद्घाटन एकाच दिवशी झाले. पिढ्यान् पिढ्या भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याच्या लाँचने जाणारा मुंबईकर त्यानंतर द्रोणागिरी नावाच्या स्थानकावर गाडीतून उतरू लागला. समुद्राशी कधी गाठ न पडलेला शहरी माणूस आणि समुद्रावरच जगणारा कोळी इतके जवळ पूर्वी कधी आले नव्हते. या जवळिकीतून जे व्यवसाय उभे राहू शकतात, त्यांतला सर्वांत स्वच्छ व्यवसाय म्हणजे दिवसभराची गळाची सफर. चार-सहा जणांनी मिळून होडी ठरवायची, पहाटे निघायचे, गळाने मासे धरायचे आणि दिवेलागणीच्या आत परतायचे.

जगात या प्रकाराला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटलिना बेटावर १८९८ साली चार्ल्स होल्डर यांनी १८३ पौंडांचा ट्यूना दांडी-दोरीवर धरला आणि त्याच वर्षी ट्यूना क्लब स्थापन केला. किती जाड दोरी वापरायची, मासा धरणाऱ्याला कोणी मदत करायची नाही, असे नियम त्या क्लबाने घालून दिले. १९३९ साली आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशन स्थापन झाली आणि जगभरातल्या नोंदी एका वहीत येऊ लागल्या. आज अंदमान, लक्षद्वीप, गोवा इथे अशा सफरी चालतात. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावरूनही हौशी मंडळींचे गट होड्या ठरवून जातात. मात्र बाहेरून आणलेली पद्धत इथे जशीच्या तशी चालत नाही, कारण आपला समुद्र वेगळा आहे.

अंदमानात किनारा सोडल्यावर थोड्याच अंतरात पाणी शेकडो मीटर खोल जाते. मुंबईसमोर भूखंडमंच सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. बॉम्बे हायचे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर असूनही तिथे खोली ७५ मीटरच्या आसपासच भरते. म्हणजे दिवसभरात जाऊन येण्याच्या टापूत निळे, अथांग पाणी मिळत नाही. इथे उथळ, गढूळ आणि अन्नाने भरलेला समुद्र आहे. खाड्यांतून येणारा गाळ आणि तिवरांच्या मुळांत वाढलेली पिल्ले यांवर तो पोसला आहे. त्याचे मासेही तसेच आहेत. खाडीच्या तोंडाशी जिताडा आणि रावस, खडकाळ तळाशी हेकरू, तांबोशी आणि वाम, चिखलाच्या तळाला घोळ, ढोमा आणि शिंगाळा. गढूळ पट्टा ओलांडून हिरव्या पाण्यात गेले की सुरमई, तोवर, कुपा आणि नशिबात असला तर मोडसा.

करंजाहून खांदेरी सुमारे १२ सागरी मैलांवर आहे. सात-आठ नॉटने चालणारी होडी दीड-पावणेदोन तासांत तिथे पोहोचते. १६७९ साली शिवाजी महाराजांनी हे बेट बांधायला घेतले. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी इंग्रज व सिद्दी यांच्या आरमारांना तोंड देत ते राखले. २०२५ साली युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले, त्यांत खांदेरी आहे. १८६७ पासून बेटावर दीपगृह आहे, आणि कोळ्यांचा वेताळही तिथलाच. खडक, ओहोटीचा प्रवाह आणि त्याच्या कडेला साचणारी बारीक मासळी यांमुळे अशा बेटांभोवती मोठा मासा फिरत असतो. गळाला यापेक्षा चांगली जागा या टापूत क्वचितच मिळेल.

जागेपेक्षाही महत्त्वाची असते वेळ, आणि ती घड्याळाआधी पंचांग सांगते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा हिशेब कोकणात घरोघरी ठाऊक आहे. पंचमीला भरती पावणेचारच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. आता दिवसाच्या सफरीसाठी हा हिशेब लावून पाहा. अष्टमीला सकाळी सहाला पाणी भरलेले असते. होडी निघते तेव्हा ओहोटी लागते आणि खाडीचे पाणीच तिला बाहेर नेते. दुपारी बाराच्या सुमारास पाणी थांबते, मग भरती सुरू होते आणि तीच होडीला संध्याकाळी घरी आणते. डिझेल वाचते, वेळ वाचतो. शिवाय अष्टमी-नवमीच्या सुमारास भांगाची भरती असते. पाण्याला ओढ कमी, त्यामुळे गाळ कमी ढवळतो आणि शिसे तळाला टिकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात याच किनाऱ्यावर पाणी चार-साडेचार मीटर चढते-उतरते. तेव्हा प्रवाह इतका जोरदार असतो की गळ तळाला पोहोचण्याआधीच वाहून जातो.

इथे या व्यवसायाची खरी किल्ली आहे. मुंबई परिसरातली पारंपरिक डोल जाळी चालतात ती उधाणावर. खुंटांना बांधलेल्या त्या जाळ्याच्या तोंडात प्रवाहाच्या जोराने बोंबील, कोळंबी, जवळा येऊन पडतात. भांगात प्रवाह मंद झाला की डोलीला काम उरत नाही. म्हणजे डोलीचे रिकामे दिवस हेच गळाचे भरलेले दिवस. माणसे तीच, समुद्राची जाण तीच, मात्र महिन्यातले पडीक आठ-दहा दिवस कमाईचे होतात. पाहुण्यांची सफर मासेमारीच्या पोटावर पाय देत नाही, तिला जोड देते.

वाऱ्याचाही असाच हिशेब आहे. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा वाहतो आणि पाणी सपाट असते. दुपारनंतर खारा वारा उठतो आणि लाटांना टोक येते. म्हणून तांडेल, म्हणजे होडीचा नायक, पहाटेची घाई करतो, आणि दुपारी मासा लागत असतानाही होडी वळवतो. त्या क्षणी पाहुण्यांनी हुज्जत घालू नये. पूर्वी जागा सापडायची ती किनाऱ्यावरच्या खुणांवरून. एक डोंगर दुसऱ्यामागे आला, दीपगृह अमुक कड्याच्या रेषेत आले, की खाली खडक आहे हे कळायचे, आणि दोरी सोडून किती वाव पाणी आहे ते मोजायचे. आज जीपीएस आणि मासे दाखवणारे यंत्र आहे. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासळीच्या संभाव्य जागा कळवते. यंत्र जागा दाखवते. पण तिथे आज मासा तोंड लावील की नाही, हे पाण्याचा रंग, पाखरांचा थवा आणि ओढीची दिशा पाहून तांडेलच सांगतो. पाहुणा पैसे मोजतो ते खरे तर या जाणकारीसाठी.

गळाच्या तीन रीती एका दिवसात शिकता येतात. पहिली तळाची. शिसे, त्यावर एक-दोन गऱ्या, आणि आमिषाला कोळंबी, माकूल किंवा बांगड्याचा तुकडा. हेकरू आमिष घेताच खडकात घुसतो, म्हणून पहिल्या दोन-तीन हातांत त्याला वर ओढावे लागते. दुसरी रीत चालत्या होडीची. मागे माशासारखे दिसणारे आमिष ओढत न्यायचे. ही सुरमईसाठी, आणि तिचे दात दोरी कापतात म्हणून गरीच्या वर पोलादी तार हवी. तिसरी रीत धातूच्या चकचकीत आमिषाची. ते तळापर्यंत सोडून झटक्यांनी वर आणायचे. रिळाचा ताण किती ठेवायचा, हे सर्वांत नाजूक काम. फार घट्ट ठेवला तर दोरी तुटते, फार सैल ठेवला तर मासा खडक गाठतो. खलाशी ते बोटांनी ओढून ठरवतो.

गळाचे मोठेपण असे की तो निवड करू देतो. ट्रॉलचे जाळे तळ खरवडते आणि पिल्लासकट सारे वर आणते. गळावर एका वेळी एक मासा येतो, आणि लहान असला तर सोडता येतो. राज्य शासनाने २०२३ साली ५४ जातींसाठी धरण्यायोग्य किमान आकार ठरवून दिला. त्याच वर्षी पापलेट हा राज्यमासा झाला. हे नियम पाळणे गळावर जितके सोपे आहे तितके कुठल्याच जाळ्यावर नाही. टोकाशी आत वळलेली गोल गरी वापरली तर ती जबड्याच्या कोपऱ्यात अडकते, पोटात जात नाही, आणि सोडलेला मासा जगतो. ठेवायचा मासा मात्र लगेच बर्फात गेला पाहिजे. आणि १ जून ते ३१ जुलै हा बंदीचा काळ. तो प्रजननाचा असतो आणि खवळलेल्या समुद्राचाही. दर्याला नारळ वाहिल्याशिवाय होडी न लोटण्याची कोळ्यांची रीत याच काळाची राखण करत आली आहे.

सुरक्षेबाबत तडजोड नको. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि १५ जणांचा जीव गेला. मासेमारीचा परवाना असलेली होडी माणसे नेण्यासाठी नसते. प्रवासी नेणाऱ्या होडीची तपासणी आणि क्षमता मेरीटाईम बोर्डाने ठरवलेली असावी लागते. निघण्यापूर्वी ती कागदपत्रे पाहा. जीवरक्षक जाकीट पिशवीत नव्हे, अंगावर हवे. मोबाइलचा आवाका पुढे संपतो, म्हणून व्हीएचएफ रेडिओ हवा. त्यावर १६ क्रमांकाची वाहिनी संकटाची, आणि तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४. प्रत्येकाने ओळखपत्र जवळ ठेवावे. करंजाला नौदलाचा शस्त्रसाठा आहे, न्हावाशेव्याच्या जहाजांचा मार्ग आहे, आणि तेलाच्या फलाटांभोवती ५०० मीटरची मनाई आहे. तिकडे होडी नेण्याचा आग्रह धरू नये. बोट लागत असेल तर आदल्या रात्री डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्या, उपाशी निघू नका आणि नजर क्षितिजावर ठेवा.

हा विषय केवळ हौसेचा नाही. १९८९ साली जेएनपीटी सुरू झाले, तेल आले, शहर आले, आणि उरणच्या कोळ्यांची खाडी आकसत गेली. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने इथल्या १,६३० पारंपरिक मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला आणि तिचा भार जेएनपीटी, ओएनजीसी व सिडको यांच्यावर टाकला. बुजवलेली खाडी पैशाने परत मिळत नाही. मात्र त्या खाडीने शिकवलेली विद्या अजून तांडेलांच्या डोक्यात आणि हातांत आहे. जाळ्याच्या धंद्यात कमाई टोपल्यांवर ठरते, म्हणून समुद्रातून जास्तीत जास्त ओरबाडावे लागते. गळाच्या सफरीत दोन मासे आले तरी तांडेलाची मजुरी पूर्ण असते. समुद्रावर कमीत कमी बोजा टाकून कोळ्याला मानाने जगवणारा दुसरा उद्योग मला दिसत नाही.

म्हणून शासनाला मागणे आहे. मच्छीमार सहकारी संस्थांच्या होड्यांना प्रवासी नेण्याच्या तपासणीसाठी आणि जीवरक्षक साधनांसाठी अर्थसाह्य द्यावे, आणि हा व्यवसाय बाहेरच्या भांडवलाच्या हाती जाण्याआधी कोळीवाड्यांच्या हाती सोपवावा. वाचकांनाही सांगणे आहे. जाल तेव्हा अष्टमी-नवमी पाहून जा, कोळ्याच्याच होडीतून जा आणि भाड्यात घासाघीस करू नका. तांडेल म्हणेल तेव्हा परत फिरा. डब्यात तांदळाची भाकरी आणि कालवण असेल, ते खलाशांच्या पंगतीला बसून खा. लहान मासा लागला तर त्याला पाण्यात सोडा. पुढच्या वर्षी तो तुमच्यासाठी मोठा झालेला असेल.