उसन्या यकृतांचे शास्त्र

हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृतपेशीत शिरतो, तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या असंख्य प्रती काढून घेतो, आणि तरीही ती पेशी सहसा मरत नाही. मग याच विषाणूपायी यकृताला सूज येते, वर्षानुवर्षे व्रण साचून सिरोसिस होतो, काहींना कर्करोग होतो, हे कशाने? बारुक ब्लुमबर्ग यांना ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्तात जे प्रथिन सापडले, ते पुढे याच विषाणूचे आवरण ठरले. त्यांचा शोधनिबंध १९६५चा. १९८१ साली बीस्ली आणि सहकाऱ्यांनी तैवानमधील २२,७०७ पुरुषांच्या पाहणीतून दाखवले, की हा विषाणू बाळगणाऱ्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या दोनशेहून अधिक पट असतो. पाहणीने नाते सिद्ध केले, पण यकृताच्या आत काय घडते ते पाहणीतून दिसत नाही. त्यासाठी डोळ्यांसमोर आजारी पडणारे यकृत हवे, आणि माणसाचे यकृत त्यासाठी वापरता येत नाही. म्हणून या संशोधनाचा कणा मला एका कौशल्यात दिसतो: प्रश्न ओळखून त्याला साजेसे उसने यकृत निवडणे.

ही निवड अवघड होती, कारण हा विषाणू माणूस आणि चिंपांझीसारखे मोजके प्राणी सोडून कुणाला लागतच नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी यकृतपेशी काचपात्रात ठेवल्या, तर काही दिवसांतच त्यांचे यकृतपण ओसरते आणि विषाणूला त्यांच्यात शिरता येईनासे होते. तेव्हा शास्त्रज्ञांनी विषाणूचे भाऊबंद धुंडाळले. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात वुडचक नावाच्या, बिळात राहणाऱ्या प्राण्यांना यकृताचा कर्करोग होत होता. त्यांच्यात तसाच विषाणू असल्याचे १९७८ मध्ये जेसी समर्स यांनी दाखवले. पाठोपाठ पेकिन जातीच्या बदकांतही एक सापडला. १९८२ मध्ये समर्स आणि विल्यम मेसन यांनी बदकाच्या यकृतातूनच सिद्ध केले, की या विषाणूचा वारसा डीएनएत असला, तरी त्याची प्रत आरएनएमार्गे निघते. एचआयव्हीसाठी तयार झालेले लॅमिव्ह्युडिन हिपॅटायटिस बीवरही चालते ते याचमुळे. दोन्ही विषाणू आरएनएवरून डीएनए बनवतात आणि औषध नेमकी तीच पायरी अडवते.

बदकाने प्रतींचे कोडे सोडवले, प्रवेशाचे नाही. यकृताच्या गाठीतून मिळवलेल्या हेपजी-टू या मानवी पेशी प्रयोगशाळेत हव्या तितक्या वाढतात. त्यांच्यात विषाणूचा डीएनए घातला तर त्या विषाणू तयार करतात, पण बाहेरचा विषाणू त्यांच्यात शिरत नाही. बंद दाराची किल्ली २०१२ मध्ये बीजिंगमध्ये वेनहुई ली यांच्या प्रयोगशाळेत सापडली. ट्री श्रू या खारीसारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या यकृतपेशींवरून त्यांनी एनटीसीपी हे प्रथिन ओळखले. रक्तातले पित्तक्षार पेशीत ओढून घेणे हे त्याचे नेहमीचे काम. विषाणू त्याच वाटेने आत शिरतो. हेपजी-टू पेशींना हे प्रथिन दिल्यावर त्यांनाही संसर्ग होऊ लागला.

इजेच्या प्रश्नाचे उत्तर उंदरांनी दिले. कॅलिफोर्नियात ला होया येथे फ्रान्सिस चिसारी यांच्या गटाने विषाणूचा पूर्ण जनुकसंच असलेले उंदीर घडवले. त्यांच्या यकृतात विषाणू मुबलक तयार होई, पण यकृत निरोगी राही. विषाणू ओळखणाऱ्या टी-पेशी टोचल्या, की सूज येई. इजा प्रामुख्याने आपलीच प्रतिकारशक्ती करते, हा या रोगाच्या समजुतीचा पाया इथे पक्का झाला. त्याच टी-पेशींतून स्रवणारी द्रव्ये पेशी न मारताही विषाणू हटवू शकतात, हेही १९९६ मध्ये दिसले.

यावर रास्त आक्षेप असा, की हे उंदीर जन्मतःच विषाणू बाळगतात; त्यांना संसर्ग कधी होतच नाही. शिवाय मानवी पेशींच्या केंद्रकात विषाणू जे बंद वर्तुळाकार डीएनए मांडून बसतो, ते उंदराच्या यकृतात सहसा तयार होत नाही. हे खरे आहे. म्हणूनच एका उसन्या यकृताचा निष्कर्ष दुसऱ्यावर तपासावा लागतो. हा तसा तपासला गेला: १९९९ मध्ये चिंपांझींतही यकृताची इजा शिगेला पोचण्याआधीच विषाणूचा बहुतांश डीएनए नाहीसा झाल्याचे आढळले. चिंपांझींवरचे असे संशोधन अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये थांबवले, आणि ते योग्यच झाले. त्यामुळे मानवी यकृतपेशी बसवलेले उंदीर आणि सुधारलेली पेशीसंवर्धने यांवरची जबाबदारी आता वाढली आहे.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे: लस उपलब्ध असताना एवढा खटाटोप कशाला? लस बाळाला वाचवते, आणि जन्मानंतर चोवीस तासांत ती द्यायलाच हवी. पण ज्याच्या यकृतात विषाणू आधीच मुक्कामाला आहे, त्याला लसीचा उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ मध्ये जगात असे २५.४ कोटी लोक होते, त्यांपैकी जवळपास तीन कोटी भारतात. टेनोफोव्हिरसारखी औषधे नव्या प्रती रोखतात आणि सिरोसिसचा, कर्करोगाचा धोका कमी करतात. केंद्रकातले वर्तुळ मात्र शाबूत राहते. बरे झाल्याचे मानलेल्या माणसाला पुढे कर्करोगासाठी रिटक्सिमॅबसारखे औषध दिले, की जुना विषाणू उसळू शकतो, तो याच वर्तुळातून. ते पुसायचे किंवा कायमचे निष्क्रिय करायचे, तर आधी ते जिथे खरोखर तयार होते आणि टिकते असे यकृत प्रयोगशाळेत हवे. म्हणून पेशी आणि प्राणी घडवण्याच्या या संथ कामाला औषधाच्या शोधाइतकाच पैसा आणि मान मिळाला पाहिजे. या तीन कोटी माणसांच्या बरे होण्याची वाट तिथूनच जाते.