संगणकाचा कान

इ. स. २०२० च्या मार्च महिन्याच्या ९ तारखेस महाराष्ट्रांतील कोरोनाचे पहिले रुग्ण आपल्या पुणे शहरांत आढळले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत शाळा बंद होऊन वर्ग घरोघरच्या लॅपटॉपवर व मोबाइलवर भरूं लागले. त्या काळांत ‘नमस्कार’ या शब्दाची जागा ‘माझा आवाज येतोय का ?’ या प्रश्नानें घेतली होती, हें आमच्या वाचकांस स्मरत असेलच. पुढें शाळा उघडल्या, फळा व खडू परत आले. तो प्रश्न मात्र कायमचा राहिला. पुण्यांतील कितीतरी घरांतून आजहि सुटीच्या दिवशीं परदेशीं गेलेल्या मुला-नातवंडांशीं इंटरनेटवरून बोलणें होतें, आणि त्याचा आरंभ बहुधा याच प्रश्नानें होतो.

आमच्या परिचयाच्या सदाशिव पेठेंतील एका घरची हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. त्या घरच्या आजी दर रविवारीं इंग्लंडांतील नातवाशीं लॅपटॉपवरून बोलत. एका रविवारीं त्यांचा आवाज मधूनमधून तुटूं लागला. “आजी, तुझें कांहीं ऐकूं येत नाहीं,” असें नातू वारंवार म्हणे. तिसऱ्या रविवारीं आजी समोर बसल्याच नाहींत. “तुम्हीच बोला, माझा आवाज आतां म्हातारा झाला,” असें म्हणून त्या स्वयंपाकघरांत निघून गेल्या. घरांत कोणी इंटरनेटला दोष दिला, कोणी नवा लॅपटॉप घ्यावा असें सुचविलें. खरें कारण शेवटीं काय निघालें तें पुढें येईलच. तत्पूर्वीं आपला आवाज संगणकांतून कसा प्रवास करतो हें पाहूं.

संगणकाचा कान म्हणजे मायक्रोफोन. इ. स. १८७६ त बेलसाहेबांनीं टेलिफोन सिद्ध केला आणि १८८२ त मुंबईस टेलिफोनचें केंद्र सुरू झालें. त्यानंतर बराच काळ टेलिफोनच्या कानांत कोळशाचे बारीक कण भरलेले असत. बोलण्यानें त्यांवर कमीअधिक दाब पडून विजेचा प्रवाह बदले. हे कण घट्ट बसले कीं आवाज मंद होई, आणि म्हणून लोक त्यावर हलकेच टिचकी मारीत. इ. स. १९६२ त अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत वेस्ट व सेसलर या दोघां संशोधकांनीं निराळ्या जातीचा, विद्युद्भार धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्याचा मायक्रोफोन बनविला. आतां पुष्कळशा लॅपटॉपमध्यें सिलिकॉनच्या तुकड्यावरच कोरलेला चिमुकला पडदा असतो. त्याचें द्वार म्हणजे कॅमेऱ्याशेजारचें किंवा कळफलकाजवळचें टांचणीच्या टोकाएवढें भोंक. त्यावर चिकटपट्टी, धूळ अथवा आपलाच तळहात आला तर आवाज कोंडतो. परंतु हें भोंक साफ करण्यासाठीं त्यांत टांचणी कधींहि घालूं नये व जोरानें फुंकूंहि नये. आंतील नाजूक पडदा फाटतो. मऊ, कोरडा कुंचला वरचेवर फिरवावा, एवढें पुरे.

दुसरा टप्पा परवानगीचा व निवडीचा. कोणत्या ॲपनें मायक्रोफोन वापरावा हें संगणकाच्या सेटिंग्जमध्यें ठरविलेलें असतें. परवानगी नसेल तर यंत्र निर्दोष असूनहि एक अक्षर पुढें जात नाहीं. शिवाय एकाच संगणकास अनेक कान असूं शकतात : त्याचा स्वतःचा, तारेच्या हेडफोनचा, ब्लूटूथ हेडफोनचा. ऐकण्याचें साधन एक व बोलण्याचें दुसरें, अशीहि निवड करतां येते. म्हणून प्रथम कोणता कान निवडला आहे तें पाहावें.

तिसरा टप्पा गाळणीचा. पंखा, रस्त्यावरील रहदारी, गणेशोत्सवापूर्वीं नदीकांठीं चालणारा ढोलताशांचा सराव, या सर्वांतून बोलणें वेगळें काढण्याचें काम ॲप करतें. एकसारखा चालणारा नाद म्हणजे गोंगाट, असा त्याचा ढोबळ हिशेब असतो. त्यामुळें इंटरनेटवरून गाणें शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा तंबोरा गुरूंना ऐकूंच येत नाहीं. अशा वेळीं ही गाळणी बंद करावी. हळू बोलणाऱ्या माणसाच्या वाक्याचा आरंभ व शेवटहि कधीं कधीं या गाळणींत अडकतो. त्यास उपाय जवळ बसण्याचा. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं आवाजाची तीव्रता सुमारें एकचतुर्थांश उरते. तेव्हां ओरडण्यापेक्षां खुर्ची पुढें ओढणें शहाणपणाचें.

चौथा टप्पा वाटेचा. आवाजाचे आंकडे बनवून त्यांच्या लहान लहान पुड्या बांधल्या जातात. एकेका पुडींत बहुधा २० मिलिसेकंदांचें, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचें, बोलणें असतें. कांहीं पुड्या वाटेंत हरवल्या किंवा उशिरां पोंचल्या कीं शब्द तुटतात. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून वायफायच्या लहरी क्षीण होतात. म्हणून लॅपटॉप राउटरजवळ न्यावा, अथवा तारेनें जोडावा. तेवढ्यानें न भागल्यास चित्र बंद करून नुसतें बोलावें, म्हणजे वाट मोकळी होते.

आतां दोष कोणत्या टप्प्यांत आहे हें कसें ओळखावें ? त्याची सोपी परीक्षा अशी. इंटरनेट बंद करून संगणकावरच आपला आवाज अर्धा मिनिट मुद्रित करावा व ऐकावा. तो तेथेंच तुटक किंवा मंद असेल, तर दोष कानाचा किंवा निवडीचा आहे. निवड बदलून पुन्हां मुद्रित करावें. तो स्वच्छ असेल, तर परवानगी, गाळणी किंवा वाट यांकडे वळावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी; चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशानें आला हें कळत नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, दोष केव्हां येतो व केव्हां येत नाहीं याची टिपण ठेवावी. अधूनमधून येणाऱ्या दोषाचा माग बहुधा वेळापत्रकांतच सांपडतो.

आजींच्या घरीं नेमकें हेंच घडलें. आठव्या इयत्तेंतील त्यांच्या नातीनें कागदावर लिहून काढलें कीं, आवाज रविवारींच बिघडतो. एरव्हीं दुपारीं आजी याच लॅपटॉपवरून बहिणीशीं सुरळीत बोलतात. रविवारीं निराळें काय असतें ? ती स्वतः घरीं असते, आणि तिचा ब्लूटूथ हेडफोनहि ! शिकवणीच्या वर्गासाठीं तिनें बोलण्याचें साधन म्हणून तो निवडला होता. रविवारीं तो चालूच राहून शेजारच्या खोलींतील दप्तरांत पडलेला असे. आजी लॅपटॉपसमोर बोलत, आणि संगणक मात्र दप्तरांतून कान देऊन ऐके ! इतर दिवशीं हेडफोन बंद असल्यामुळें संगणक आपोआप स्वतःच्या कानावर येई. निवड बदलतांच आजींचा आवाज इंग्लंडांत खणखणीत पोंचला. खर्च कांहींच झाला नाहीं.

आमच्या विद्यार्थिमित्रांस एवढेंच सांगणें आहे कीं, ही चार टप्प्यांची परीक्षा घरांतील वडील माणसांस करून दाखवा. यंत्र बिघडलें असतां तरुण माणूस यंत्रास दोष देतो. वृद्ध माणूस पुष्कळदां स्वतःस देतो, आणि गप्प बसतो. त्या तीन आठवड्यांत आजींचा आवाज म्हातारा झाला नव्हता. ऐकणारा कान तेवढा चुकीच्या जागीं होता.